पिलनामची दोन वर्षं

पिलनाम जन्मली तेव्हा तिच्या बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिसरी मुलगी. तिचं नाव ठेवलं पिलनाम, म्हणजे ‘पुढचा नक्की मुलगा’. पुढचीही मुलगीच झाली, पण एकदा ठेवलेलं नाव काही परत घेता येत नाही. जन्माची नोंद करायला बेटावरून होडीने थोंगयंगला जावं लागायचं, आणि एका मुलीपायी होडीत बसायचा बापाला मुळीच उत्साह नव्हता. दोन वर्षांनी तो डुक्कर विकायला बाजारात गेला. डुक्कर लवकर विकलं गेलं, हाताशी वेळ उरला, म्हणून कचेरीत डोकावला. कारकुनाने विचारलं, “मुलगी कधी झाली?” बाप म्हणाला, “हल्लीच.”

अशा रीतीने घोड्याच्या वर्षी जन्मलेली मेंग पिलनाम सरकारी कागदावर माकडाच्या वर्षी जन्मली. कोरियात वर्षांना ओळीने बारा प्राण्यांची नावं असतात, घोड्यामागून मेंढी, मेंढीमागून माकड. मधलं मेंढीचं वर्ष तर तिने आख्खंच्या आख्खं गिळलं. तिच्या वयाच्या कितीतरी बायकांचं असंच झालेलं आहे, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. कागद कागदाच्या जागी आणि वय वयाच्या जागी.

आणि वयाला आमच्याकडे किती भाव आहे म्हणून सांगू! नाव नंतर, गाव नंतर, पहिला प्रश्न कोणत्या वर्षीची. चाळीस वर्षांपूर्वी कालवं फोडायच्या शेडमध्ये एक नवी नवरी कामाला आली. सोक यांगसुन तिचं नाव. हातात सुरी कशी धरायची हे तिला कुणी दाखवण्याआधी पिलनामने विचारलं, “कोणत्या वर्षीची गं तू?”

“मेंढीच्या.”

“मी घोड्याच्या. मला ताई म्हणायचं.”

झालं. एका वर्षाच्या फरकावर चाळीस वर्षांचं राज्य उभं राहिलं. शेगडीजवळची जागा पिलनामची. जेवताना पाणी ओतायचं यांगसुनने. पिलनाम तिला “अगं ए” म्हणायची आणि यांगसुन तिला “ताई, तुम्ही”. टेकडीवरच्या चर्चच्या क्वायरमध्ये पिलनामनेच तिला ओढत नेलं आणि आल्टोत, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत, आपल्या डाव्या हाताला उभं केलं. यांगसुनला सूर होता, पण धीर नव्हता. पिलनामने तोंड उघडल्याशिवाय तिचं तोंड उघडायचं नाही. यांगसुन कितीतरी वेळा कुरकुरायची, “एका वर्षाचाच तर फरक, ताई.” त्यावर पिलनामचं उत्तर ठरलेलं असायचं, “एक वर्ष आधी आले म्हणून तुझ्यासाठी जागा झाडून ठेवली. उपकार मान.”

पिलनामच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, कालवं आणि क्वायर. कालवांनी बोटं वाकडी केली आणि क्वायरने पाठ सरळ ठेवली. शनिवारी तालमीला जाताना ती जशी चालायची, तशी स्वतःच्या लग्नातही चालली नसेल.

यंदा मार्चमध्ये तिला सत्तर पूर्ण झाली. आणि चर्चचा नियम असा की सत्तरी झाली की त्या डिसेंबरात हातात फुलांचा गुच्छ द्यायचा, फोटो काढायचा आणि क्वायरमधून निरोप द्यायचा. आता हा नियम पूर्वी ढिला होता. पण चार वर्षांपूर्वी बुसानहून निवृत्त होऊन आलेले चन कारभारी चर्चच्या पंचमंडळात बसले आणि ढिलेपणा संपला. जन्मभर कस्टम्समध्ये लोकांच्या पेट्या उघडलेला माणूस तो. देवावर त्यांचा विश्वास होता, पण कागद बघितल्यावर तो अधिक पक्का व्हायचा.

त्यात क्वायरची मंगोलियाची सेवायात्रा ठरली. ऑगस्टमध्ये आठ दिवस. लहान गावातल्या चर्चमध्ये गाणी म्हणायची, मुलांसाठी खेळ घ्यायचे, बायकांचे केस कापायचे, सगळ्यांनी आकाशी रंगाची एकसारखी जाकिटं घालायची आणि परत यायचं. चन कारभाऱ्यांनी फलकावर लावलं, ‘सत्तर पूर्ण झालेल्यांनी नावं देऊ नयेत.’

पिलनाम फलकासमोर बराच वेळ उभी राहिली. उभ्या जन्मात ती विमानात बसली नव्हती. पण विमानाचं दुःख तिला नव्हतंच. हा क्वायरबरोबरचा शेवटचा उन्हाळा, आणि तिची जागा सोडून बाकी क्वायर कुठेतरी गाणार, हे तिच्या घशाखाली उतरेना.

पुढच्याच आठवड्यात कारभारी म्हणाले, “चर्चची जुनी वही वाळवीने खाल्लीय. वयं संगणकावर नव्याने चढवतोय. सगळ्यांनी पासपोर्ट आणा.”

पिलनामने घाईघाईने पासपोर्ट काढून घेतला. कारभाऱ्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “छप्पन्न सालच्या? अडुसष्ट? मला वाटलं तुम्ही मोठ्या असाल.”

“उन्हाने असं वाटतं,” पिलनाम म्हणाली.

आख्ख्या क्वायरला ती घोड्याची असल्याचं ठाऊक होतं. पण सगळे खाली बघून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. ज्यांच्या पायांत सपाता होत्या, तेसुद्धा. दोन वर्षं! बापाने आळसापायी चोरलेली दोन वर्षं आज व्याजासकट परत मिळाली होती. मंगोलियाही मिळाला आणि क्वायरमध्ये आणखी दोन नाताळही. त्या संध्याकाळी पिलनामने बापाच्या फोटोसमोर आयुष्यात प्रथमच मनापासून मान लववली.

गंमत इथेच संपायला हरकत नव्हती. पण कारभाऱ्यांनी प्रवासाची छापील पुस्तिका काढली. नावं वयाच्या क्रमाने. सर्वांत वर, सोक यांगसुन, वय ६९. तिच्याखाली मेंग पिलनाम, वय ६८. आणि तळाला नियम, ‘६९ व त्यापुढील सदस्यांनी सामान उचलू नये. त्यांच्याहून लहान सदस्यांनी मदत करावी.’

यांगसुनने पुस्तिका वाचली. परत वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“अगं ए,” यांगसुन म्हणाली.

“कुणाला म्हणतेस?”

“तुला गं, पिलनाम. ते तिखटाच्या चटणीचं खोकं उचल बघू. माझं वय झालंय.”

“जीभ हासडीन तुझी!”

“हासड. कारभारी तिकडेच उभे आहेत. त्यांना सांगू का, तू कुठल्या वर्षीची ते?” मग तिने आवाज चढवला. “काय म्हणालीस? मोठ्याने म्हण. यांगसुन काय?”

कारभाऱ्यांनी मान वळवली. पिलनामने दात आवळले. “यांगसुन… ताई.”

“आणि?”

“तुम्ही बसा. मी उचलते.”

यांगसुन मोठ्या समाधानाने खोक्यावरच बसली.

पुढचे दिवस पिलनामने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. इंचनच्या विमानतळावर वाळलेल्या समुद्री शेवाळाची आणि शेवयांची खोकी तिने वजनकाट्यावर चढवली आणि उतरवली. विमानात खिडकी यांगसुनला. उलानबातरहून पुढे आठ तास खडखडणाऱ्या बसमध्ये पुढची सीट यांगसुनला. मंगोलियाचं ते आकाश, तो वारा, ती डोळ्यांत न मावणारी माळरानं, सगळं पिलनामने यांगसुनच्या मानेवरून बघितलं. “पाणी,” यांगसुन म्हणायची. “उशी.” “पाठ खाजव गं जरा, खाली, आणखी खाली, कशी गं तू अडाणी.” तीही सूड उगवताना इतकी मनापासून उगवत होती की बाकीच्या आल्टो तोंडाला रुमाल लावून हसत बसायच्या.

“थोंगयंगला परत गेल्यावर बघते तुला,” पिलनाम दात खाऊन पुटपुटायची.

“दोन वर्षं बघता यायचं नाही,” यांगसुन म्हणायची. “क्वायरमध्ये राहायचंय ना? मग दोन वर्षं मीच ताई.”

हे मात्र खरं होतं. गाताना तर काही बदललं नव्हतं. आकाशी जाकिटं घालून ओळीत उभं राहिलं की ताई डाव्या हाताला आणि धाकटी उजव्या हाताला, आणि पिलनामचं तोंड उघडल्याशिवाय यांगसुनचं उघडायचं नाही. पिलनामने एकदा तिरक्या नजरेने बघून खात्री करून घेतली आणि तिला बरं वाटलं. यांगसुनची सत्तरी होईपर्यंत, अजून वर्षभर तरी, हे असंच राहणार होतं. त्यासाठी पाठ खाजवावी लागली तर खाजवू.

गावातल्या छोट्या चर्चमध्ये त्यांनी तीन दिवस सेवा केली, म्हणजे काय ते सांगतो. यांनी मुलांना फुगे दिले, मुलांनी यांना घोड्यावर बसवलं. यांनी बायकांचे केस कापले, बायकांनी यांना इतकं खायला घातलं की जाकिटांच्या चेनी लागेनात. यांनी दहा गाणी बसवून आणली होती. ती ऐकून झाल्यावर तिथल्या बायका गायल्या, आणि क्वायरमास्तर खाली बसले ते पुष्कळ वेळ उठलेच नाहीत. एवढा आवाज एका छातीत मावतो कसा, हे त्यांना कळेना. चटणीची चार खोकी मात्र क्वायरनेच संपवली.

शेवटच्या दिवशी उपासनेनंतर सगळ्यांना जेवायचं बोलावणं आलं. सोलोंगो नावाची तिथली एक बाई दुभाषी होती. आठ वर्षं कोरियात कारखान्यात काम केलेली, त्यामुळे तिची कोरियन भाषा फर्डी, शिव्यांसकट. तिच्या मावशीकडे, दुल्माकडे, माळावर लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत जेवण होतं. मेंढा कापला होता. दुल्मा म्हणजे वाऱ्याने तासलेली, ताठ कण्याची म्हातारी. दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसून तिने पाहुण्यांकडे एकवार पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

“तुमच्यात सगळ्यांत मोठं कोण, विचारतेय मावशी,” सोलोंगो म्हणाली. “पहिला वाडगा आणि शेपटीचा पहिला तुकडा त्या माणसाचा. आणि वाडगा घेणाऱ्याने आधी एक गाणं म्हणायचं, एकट्याने. आमच्याकडे तसंच असतं.”

कारभाऱ्यांनी पुस्तिका उघडली. गरज नव्हती, पण उघडली. “सोक यांगसुनबाई.”

यांगसुन उठली. पदवी घ्यायला निघाल्यासारखी ती मानाच्या जागेकडे चालत गेली आणि जाताजाता पिलनामच्या गुडघ्यावर मुद्दाम पाय दिला. तिच्या दोन्ही हातांत वाडगा आला. आंबवलेलं घोडीचं दूध. वास येताच कारभाऱ्यांचा चेहरा बदलला. “हे… दारूत मोडतं का?”

“दही म्हणून प्या,” सोलोंगो म्हणाली. “आधी गाणं!”

यांगसुनने घसा साफ केला आणि एक स्तोत्र सुरू केलं. आता तुम्ही कधी आल्टोच्या बाईला एकटीला गाताना ऐकलंय का? मुख्य चाल वरच्या पट्टीतल्या बायकांची. आल्टोने चाळीस वर्षं त्याखालची ओळ म्हटलेली असते. ती एकटी ऐकली तर कुणीतरी घरात हरवलेली किल्ली शोधतंय असं वाटतं. यांगसुन दोन सूर म्हणाली, तिसरा तिथेच म्हणाली, चौथा सापडेना. ती थांबली. डोळे आपोआप उजवीकडे वळले. उजवीकडे तंबूची लाकडी काठी होती.

“तालीम नव्हती ना, म्हणून,” क्वायरमास्तर कसनुसं हसले.

दुल्मा हसली नाही. वाईटही वाटून घेतलं नाही. तिने यांगसुनचा हात धरून विचारलं, “कोणत्या वर्षीची गं तू?” सोलोंगोने सांगायच्या आधीच प्रश्न सगळ्यांना समजला. तोच प्रश्न, तशाच सुरात.

“मेंढीच्या,” यांगसुन म्हणाली.

“अगदी लहान,” दुल्मा म्हणाली. “मी घोड्याची. दर उन्हाळ्यात पाहुणे येतात, जाकिटं घालतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. माझ्या वर्षीचं कुणी आलंच नाही कधी. तुमच्यात नाही का कुणी घोडा?”

तंबूत बसलेल्या अख्ख्या क्वायरने एकदम बुटांच्या नाड्यांकडे बघितलं, पण बूट दाराशी काढलेले होते. कारभारी पुस्तिकेवरून बोट फिरवत म्हणाले, “नाही. घोड्याचं कुणी नाही.”

दुल्माने पिलनामकडे बोट दाखवलं. “आणि ती? ती मोठी दिसते.”

“ती?” यांगसुन घाईने म्हणाली. “छे हो! ती माकडाची. माझ्याहून धाकटी. काही उपयोगाची नाही, नुसती खोकी उचलायला आणलीय.”

चाळीस वर्षं पिलनामला यांगसुनच्या आवाजातली प्रत्येक गाठ माहीत होती. हा सूड नव्हता. ही बाई भर तंबूत, बसलेल्या घशाने, अर्धवट गाणं हातात धरून उभी होती, चार माणसांत तिची शोभा झाली होती, आणि तशातही ती पिलनामची दोन वर्षं पदराखाली झाकून धरत होती. पिलनामला एकदम भरून आलं. आणि तेवढाच रागही आला. आपण इथे धाकटी म्हणून मांडी घालून मजेत बसलोय, आणि ही तिथे एकटी.

धाकट्या बहिणीला असं उभं ठेवून बसून राहते ती ताई कसली?

ती उठली. सत्तर वर्षांचे गुडघे वाजले.

“मी घोडा,” ती म्हणाली.

“ताई!” यांगसुन ओरडली. “खाली बसा! काय बोलताय!”

पण सोलोंगोने तोवर सांगूनही टाकलं होतं, आणि दुल्माने दोन्ही हात पुढे करून पिलनामला शेजारी ओढलं होतं. पिलनामने यांगसुनच्या हातून वाडगा घेतला. तीही आल्टोचीच, स्तोत्राची चाल तिला तरी कुठे येत होती? म्हणून तिने शेडमधलं गाणं सुरू केलं. कालवं फोडताना बायका म्हणतात ते, प्रत्येक ओळीत सासूच्या एकेका अवयवाचा उद्धार करणारं. शेडमध्ये आल्टो-बिल्टो काही नसतं, सगळ्या एकाच पट्टीत गातात. दुसऱ्या ओळीला यांगसुन आपसूक सामील झाली, डोळे पुसत, मोठ्याने. तिसऱ्या ओळीला सगळी क्वायर. सोलोंगो भाषांतर करायचं सोडून पोट धरून हसत होती. दुल्माला न समजताही सगळं समजत होतं, ती मांडीवर ताल धरून होती. म्हाताऱ्या बायकांना सासू कुठल्याही भाषेत ओळखू येते.

गाणं संपलं. पिलनामने वाडगा तोंडाला लावला. तेव्हा कारभारी बोटांवर मोजत होते. घोडा, मेंढी, माकड.

“पिलनामबाई,” ते हळू म्हणाले. “पासपोर्टवर छप्पन्न आहे.”

“कागदावर बापाने सांगितलं ते आहे, कारभारी. जन्माच्या वेळी आई हजर होती.”

कारभाऱ्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. नियम त्यांनीच लावला होता आणि तो मोडला तर उद्या दुसऱ्याला काय सांगायचं, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं. “मग या डिसेंबरात…”

“हो. गुच्छ द्या. फक्त लिली नको, मला शिंका येतात.”

तिने हे हसत म्हटलं खरं, पण म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय करून बसलो ते. चार महिने. ऑगस्टचे उरलेले दिवस धरले तरी चार महिने. बापाने दिलेली दोन वर्षं तिने एका वाडग्यापायी उधळून टाकली होती. वाईट वाटलं. अगदी खोल, काळजाला घरं पडल्यासारखं वाईट वाटलं. दुल्माने तिचा हात घट्ट धरला होता. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण घोड्याच्या वर्षी जन्मलेली ती दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि दुल्मा सारखी तिच्याकडे बघून मान डोलवत होती, जणू ही यायचीच होती, फक्त उशीर झाला.

यांगसुन मात्र पेटली होती.

“मूर्ख! म्हातारी मूर्ख!” ती पिलनामसमोर फतकल मारून बसली. “मी सांभाळून घेत होते ना? दोन वर्षं, ताई! दोन नाताळ! एका नासक्या दुधासाठी?”

“तोंड सांभाळ. मोठ्यांशी बोलतेयस.”

“मोठ्या म्हणे! उचलली असती अजून चार खोकी, काय बिघडलं असतं?” आणि मग तिचा सगळा जोर एकदम ओसरला. नाक लाल झालं. “मग जानेवारीपासून मी कुणाशेजारी उभी राहू?”

चाळीस वर्षांत पिलनामकडे प्रत्येक प्रश्नाला ताईचं उत्तर तयार असायचं. तेवढ्यात दुल्माने मानाचा तुकडा तिच्यापुढे धरला, मेंढ्याच्या शेपटीची पांढरी, मऊ, थरथरती चरबी. तो सगळ्यांत मोठ्या माणसाने आधी खायचा असतो, त्याच्याआधी कुणी घासाला हात लावत नाही.

पिलनामने तो वाकड्या बोटांत घेतला. दोन्ही बाजूंनी फुंकला.

“आ कर,” ती यांगसुनला म्हणाली, आणि तिच्या तोंडात घातला.